पाटीवरची पहिली ओळ

आधी सांगून टाकतो. लिहिणारा नितीन, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, मूळचा पांढुर्ण्याचा. भाषा मराठी, मधूनमधून हिंदी टपकेल, पुसून घ्या. बातमी वाईट.

आता तुम्ही म्हणाल, हा नकलाकार, हा काय रडवणार! गणपतीत स्टेजवर चढून मी अख्ख्या टाउनशिपचे आवाज काढतो, तेव्हा तुम्ही हसायची तयारी करूनच बसला असाल. शिवाय जुन्या साहेबांवर लिहिलंय म्हटल्यावर पुढे काय येणार तेही तुम्हाला पाठ असेल. विरलेला कोट, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, वरून फणस आणि आतून गरे. सॉरी. पागनीस साहेबांचा चष्मा चांगला महागातला होता, बूट रोज पॉलिश केलेले असायचे, आणि गऱ्यांचं म्हणाल तर पहिलं वर्षभर मला नुसते काटेच मिळाले.

आमच्या प्लांटमध्ये मोठाली यंत्रं बनतात. यंत्राबरोबर पुस्तक जातं. कसं बसवायचं, कसं चालवायचं, कुठे हात घातलात तर हात परत येणार नाही. ही पुस्तकं आमच्या विभागात व्हायची, हिंदी आणि इंग्रजीत. मी लागलो तेव्हा ती सगळी एक्सएमएलमध्ये घालायचं काम चालू होतं. म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी खुणा लावायच्या, हा मथळा, ही कृती, हा धोका, म्हणजे कुठलाही कॉम्प्युटर तो बिनचूक वाचेल. आणि फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीत जाहीर करायचं की ही कुठली आवृत्ती आहे आणि आतली अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवली आहेत. वर्जन वन पॉइंट झीरो, एन्कोडिंग यूटीएफ-एट. आधी आवृत्ती, मग एन्कोडिंग. त्या ओळीच्या आधी काही म्हणजे काही नाही.

माझी पहिलीच फाइल मशीननं थुंकून टाकली. पागनीस साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"वर ओळ मोकळी का सोडलीस?"

"सवय आहे साहेब. शाळेत वर श्री लिहायला जागा सोडायचो. देवासाठी."

"देव दुसऱ्या ओळीपासून," साहेब म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "पूजेला बसतोस तेव्हा गुरुजी आधी काय म्हणायला लावतात? संकल्प. कुठला देश, कुठला काळ, कुठलं गोत्र, कोण बसलंय आणि कशासाठी. ते झाल्याशिवाय देवसुद्धा ऐकायला घेत नाही. मशीन तर बिचारं मशीन आहे."

मी खो खो हसलो. साहेब हसले नाहीत. अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "हे विनोदी होतं."

हे त्यांचं हसणं. दात दाखवायचे नाहीत, जाहीर करायचं.

पण हे फाइलीपुरतं असतं तर मी कशाला लिहायला बसलो असतो! साहेब स्वतःच पहिल्या ओळीशिवाय तोंड उघडत नसत. दाराची बेल वाजवली की उघडायच्या आधीच बाहेरून आवाज यायचा, "पागनीस. मराठी. वर्गणी मागायला आलेलो नाही." भाजीवाल्यासमोर, "पागनीस. हिंदी. लेना कम, पूछना ज़्यादा है." ऑफिसात फोन उचलला की कोण, कुठून, कुठल्या भाषेत आणि बातमी कसली, साधी, चांगली की वाईट, एवढं झाल्यावरच हॅलो. आमचे तिवारीजी शेजारच्या टेबलावरून ओरडायचे, "पागनीस साब, फोन कर रहे हो कि मुनादी?" मुनादी म्हणजे आपली दवंडी.

मग मला काय, आयतं गिऱ्हाईकच मिळालं. साहेबांचा आवाज तसा खर्जातला, वाक्याचा शेवट ड्रॉवर बंद केल्यासारखा. आठवड्याभरात मी तो असा बसवला की तिवारीजी पाठ करून बसले असले तर उभे राहायचे. एकदा कॅंटीनमध्ये समोशाचं ताट हातात घेऊन मी साहेब झालो होतो. "हा समोसा. आवृत्ती कालची. तेल परवाचं." सगळे लोळत होते आणि एकदम गप्प झाले. ओळखलंत ना? मागे साहेब.

मला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज बरोबर आहे. पण आधी सांगितलं नाहीस की ही नक्कल आहे. तिवारींना वाटलं असतं की मी खरंच तेलाची तक्रार केली. नकलेच्या वरही लिहायचं असतं, नितीन, की ही नक्कल आहे." मग माझ्या ताटातला समोसा उचलून खात खात निघून गेले.

या सवयीचं मूळ मला काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं सांगितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये दोघंच, त्यामुळे रविवारी मी जेवायला जायचो. साहेब ग्वाल्हेरचे. भोपाळला नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी आनंदानं घरी तार केली. गल्लीत पोस्टमन "तार आई है" म्हणून ओरडला आणि आजींनी, म्हणजे साहेबांच्या आईनं, न उघडताच गळा काढला. शेजारणी जमल्या. त्या रडायला लागल्या. समोरचे एक गृहस्थ तर पुढच्या तयारीला बाजारात निघालेसुद्धा. शेवटी शाळेतले एक मास्तर आले, त्यांनी ती इंग्रजीतली तार वाचली. रुजू झालो, क्वार्टर मिळालं. आजींना आनंद झाला का? छे! पहिल्या गाडीनं भोपाळला आल्या आणि नवीन क्वार्टरच्या उंबऱ्यातच लेकाला झापलं, "अरू, पुढच्या वेळी आधी कळवायचं, रडायचं आहे की नाही ते. मग बाकीचं."

"तेव्हापासून हे असं," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या रात्री हे काय म्हणाले असतील, तू विचारूच नकोस."

"सांगितलं तर चालेल," साहेब ताटातून मान वर न करता म्हणाले. "विनोदी आहे."

दर रविवारी जेवणाआधी साहेब ग्वाल्हेरला फोन लावायचे. आजी तिथे साहेबांच्या बहिणीकडे, सुधाताईंकडे असायच्या. मोतीबिंदूनं नजर जवळपास गेलेली. "पण कान!" साहेब सांगायचे. "भिंतीमागे पाल चालली तरी आईला कळतं, जाड की बारीक." फोनची सुरुवात ठरलेली. "अरू बोलतोय. भोपाळहून. मराठीत. बातमी साधी." एकदा मी म्हटलं, साहेब, आजींना दुसरी भाषा येते कुठे, मराठीत कशाला सांगता? ते म्हणाले, "ऐकणाऱ्याला माहीत असलं म्हणून बोलणाऱ्यानं सांगायचं सोडू नये." आणि आजी तिकडे पहिली ओळ संपेपर्यंत हूं की चूं करत नसत. संपली की, "हं. आता बोल."

साहेब खरे चिडलेले मी एकदाच पाहिले. एका बाहेरच्या ठेकेदाराकडून पुस्तकाच्या फाइली आल्या. आतली हिंदी अगदी बरोबर साठवलेली, यूटीएफ-एटमध्ये. पण त्या ठेकेदार भाऊंनी पहिली ओळ कुठल्यातरी जुन्या इंग्रजी पुस्तकातून उचलून चिकटवली होती, आणि ती ओळ सांगत होती की आत जुन्या इंग्रजी पद्धतीची अक्षरं आहेत. मशीननं वरच्या ओळीवर विश्वास ठेवला. छापून आलं तेव्हा जिथे 'ख़तरा, ढक्कन न खोलें' असायला हवं तिथे टोप्या घातलेल्या ए आणि कसलीकसली कीड. पानंच्या पानं. नशीब, प्लांटबाहेर जायच्या आधी पकडलं.

"गधेपणा बघ," साहेब टेबलावर बोट आपटत होते. "यानं काहीच लिहिलं नसतं ना, तर चाललं असतं! न सांगणाऱ्याचं मशीन यूटीएफ-एटच धरतं. आपोआप बरोबर वाचलं असतं. पण यानं सांगितलं, आणि खोटं सांगितलं. न सांगणं एक वेळ परवडतं. ऐकणारा आपल्या समजुतीनं धरून घेतो. खोटं सांगितलंत तर तो तुमच्यावर विश्वास ठेवून फसतो."

हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. आम्हाला वाटलं, चिडले म्हणून. पण तो दुसऱ्या दिवशीही फाटकाच होता, दिवाळीतही फाटकाच. तपासण्या झाल्या. मग एका सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी येऊन विभागाच्या मधोमध उभे राहिले.

"पागनीस. मराठी. बातमी वाईट," ते म्हणाले. मग तिवारीजींकडे वळून पुन्हा हिंदीत पहिल्यापासून. "पागनीस. हिंदी. ख़बर बुरी है." घशात गाठ होती. कॅन्सर. स्वरयंत्र काढायला लागणार होतं. आवाज जाणार, कायमचा.

तिवारीजी पाणी प्यायला म्हणून उठले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत आलेच नाहीत. मी काहीतरी जोक मारायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचाच आवाज आठवेना.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी साहेबांनी ग्वाल्हेरला फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो. "अरू बोलतोय. भोपाळहून. मराठीत." आणि थांबले. बातमीचं काही म्हणालेच नाहीत. तिकडेही बराच वेळ शांतता. मग आजींचं "हं. आता बोल" ऐकू आलं. साहेबांनी थंडीचं विचारलं, लोणच्याचं विचारलं, आणि फोन ठेवून बाहेर बागेत जाऊन उभे राहिले. वडील गेले तेव्हा आईनं अन्न सोडलं होतं, तिला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी काकूंना आणि सुधाताईंना बजावलं होतं.

हॉस्पिटलातून आल्यावर मी संत्री घेऊन गेलो. गळ्याला पट्टी, मांडीवर लहान मुलांची असते तशी दगडी पाटी. इंद्रपुरीच्या बाजारातून काकूंनी आणलेली. साहेबांनी तिच्यावर वरच्या कडेला लिहिलं होतं, 'पागनीस. मराठी.' आणि खाली एक आडवी रेघ मारली होती. ती वरची ओळ ते कधी पुसायचे नाहीत. खालचं तेवढं पुसायचे. त्या दिवशी खाली होतं, 'आवाज गेला. बाकी ठीक. संत्री आंबट आहेत का?'

पेन्सिलीनं इतकं दाबून लिहायचे की अंगावर काटा यायचा. कर्रर्र, कर्रर्र, टक. टक म्हणजे टोक मोडलं.

रविवार आले आणि फोनविना गेले. मग सुधाताईंचाच आला. आजी सकाळपासून फोनजवळ बसून राहतात. फोन आला नाही की ताटावर बसत नाहीत. 'घसा बसलाय' किती दिवस सांगणार? काकूंनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"नितीन, तू यांचा आवाज काढतोस ना?"

साहेबांनी पाटी हिसकावल्यासारखी घेतली. कर्रर्र. 'नाही. खोटी पहिली ओळ.'

"मग राहू दे उपाशी!" काकू ओरडल्या. ओरडणाऱ्या बाई नव्हत्या त्या. "तुमची ओळ सांभाळा तुम्ही, आणि त्या म्हातारीला मारा!"

साहेबांनी रेघेखालचं पुसलं. मग सावकाश लिहिलं. 'पहिली ओळ म्हणायचीच नाही. अरू आहे म्हणायचं नाही. गप्प. ती जे धरेल ते धरेल.'

मी फोन लावला. सुधाताईंनी उचलून आजींना दिला. आणि पलीकडून नेमका नको तोच प्रश्न, "कोण?"

साहेब रिसीव्हरला कान लावून शेजारी, पाटी फोनच्या टेबलावर. कर्रर्र. मी वाचलं आणि खर्ज लावला. "आई, जेवलीस का?"

पलीकडे काही नाही. मला वाटलं, पकडलं. मग आजी म्हणाल्या, "नाही. आता जेवेन."

'कोण?' हे त्यांनी नंतर कधीच विचारलं नाही.

असे आमचे रविवार सुरू झाले. आजी बोलायच्या, साहेब लिहायचे, मी वाचायचो. सुधा आमटीत मीठ कमी घालते, शेजारच्यांनी कुत्रा आणलाय, अंगणातला लिंबू सुकला. आजी मध्ये भरपूर थांबायच्या. मला वाटायचं, वयामुळे. साहेब दाबून दाबून लिहायचे, टोक मोडायचं, काकू दुसरी पेन्सिल पुढे करायच्या, आणि तोवर आजी तिकडे शांतपणे थांबलेल्या असायच्या. एकदा पेन्सिल सापडेना, तेव्हा वेळ निभावायला मी माझ्या पदरचं ठोकून दिलं, "त्या कुत्र्याला सुधाची आमटी घाल, परत भुंकणार नाही." आजी खुदकन हसल्या. "अलीकडे विनोदी झालायस." मी घाबरून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नवी पेन्सिल घेतली आणि माझ्यासाठी लिहिलं, 'हे विनोदी होतं.' त्यांचे डोळे भरलेले होते. ते त्यांनी जाहीर केलं नाही.

पावसाळा संपता संपता गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी कापायचं नावही काढलं नाही. शेवटचे दोन रविवार आम्ही घसा बसलाय म्हणून फोन अगदी थोडक्यात आटपला. साहेबांच्या हातात जोर नव्हता, पण लिहायचे. शेवटच्या फोनला पाटीवर एवढंच होतं, 'जेवून घे.' मी म्हटलं, "जेवून घे." आजी म्हणाल्या, "तूही."

हॉस्पिटलात मी त्यांना बुधवारी बघितलं. पाटी छातीवर होती. वरची ओळ जशीच्या तशी, 'पागनीस. मराठी.' रेघेखाली मोकळं. हातात पेन्सिल होती, पण ती दगडावर नुसती टेकलेली. काही लिहायचं होतं की नाही, देव जाणे. मी त्यांच्या आवाजात म्हणालो, "नक्कल आहे साहेब. मराठी. बातमी साधी." त्यांनी डोळे मिटून उघडले. मी त्याचा अर्थ विनोदी होतं असा धरून घेतला. शुक्रवारी सकाळी साहेब गेले.

सुधाताई येऊ शकल्या नाहीत. आल्या असत्या तर आजींनी विचारलं असतं, कुठे चाललीस. त्यांनी रडत रडत फोनवर काकूंना विनवलं, तेरावं होईपर्यंत तरी आईला कळू देऊ नका, मी हळूहळू सांगेन. आणि मला म्हणाल्या, "नितीन, रविवारचा फोन कर रे. जेवायच्या थांबतील त्या."

रविवारी काकूंनी नेहमीसारखी पाटी आणून टेबलावर ठेवली. सवयीनं. पेन्सिलही ठेवली.

मी नंबर फिरवला. सुधाताईंनी न बोलता फोन दिला असावा, बांगड्या तेवढ्या वाजल्या. मी खर्ज लावला. इतका हुबेहूब मला कधीच लागला नव्हता.

"आई, जेवलीस का?"

आजी थांबल्या. नेहमीसारख्या. थांबल्या, थांबल्या. मीही थांबलो. पुढे काय म्हणायचं ते सांगणारं कुणी नव्हतं.

"आज पेन्सिल वाजत नाही," आजी म्हणाल्या.

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्यांनाही ऐकू गेलं होतं.

"आई, ते..."

"गप्प बस! आई म्हणू नकोस मला. पहिल्या दिवसापासून समजलंय. अरे, पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली त्याची, इतकं दाबून माझ्याशिवाय कुणाचा पोरगा लिहितो? डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली. तो बोलू शकत नाही, पण शेजारी बसलाय, लिहितोय, एवढं कळत होतं मला. म्हणून रोज जेवत होते. आणि तू अरू बोलतोय असं एकदाही म्हणाला नाहीस, म्हणून गप्प राहिले. म्हणाला असतास ना, तर ग्वाल्हेरहून येऊन कान उपटून हातात दिला असता." त्यांचा श्वास लागला होता. "आणि आज? पाटी गप्प आहे, आणि तू त्याचा आवाज लावून मला विचारतोस जेवलीस का? लाज नाही वाटत? एवढे दिवस त्याच्याजवळ बसलास, हेच शिकलास? हे बघ, ठेव तो फोन. ठेव, आणि पुन्हा नीट लाव. स्वतःच्या आवाजात. कोण, कुठून, बातमी कसली, सगळं रीतीनं सांग."

मला हुंदका आवरेना.

"रडतोस काय मेल्या! रडायचं नंतर. आधी नाव सांग."